पंचावन्न किलोची स्प्रिंग

आमच्या मोटरसायकलबद्दल मी कुणाला एक वाकडा शब्द बोलू देणार नाही. ती ह्यांच्याकडे लग्नाआधीपासून आहे, म्हणजे ह्या घरात ती माझ्यापेक्षा मोठी. हे दर रविवारी तिला ज्या मायेनं पुसतात, त्या मायेनं त्यांनी मला कधी हात पुसायला टॉवेलसुद्धा दिलेला नाही. तरी मी तिचा राग धरला नाही. माझं भांडण होतं ते तिच्या मागच्या दोन शॉकअपांशी. डावा एक, उजवा एक, आणि दोघंही कामचुकार. रस्त्यात खडा आला की तो टायरमधून, शॉकअपमधून, सीटमधून थेट माझ्या मणक्यात. एकोणचाळीस वर्षं ह्या शहरातला एकेक खड्डा मी पाठीनं मोजलाय. नगरपालिकेनं विचारलं असतं तर यादी दिली असती. विचारलं नाही.

गेल्या वर्षी पाठीनं हात टेकले. डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "मोटरसायकलवर मागे बसणं बंद."

"किती दिवस?"

"बंद म्हणजे बंद."

घरी येऊन ह्यांनी गाडीवर जुनी चादर टाकली. आठ महिने ती चादर कुणी काढली नाही. मग एका रविवारी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा हे मागे येऊन उभे राहिले. "जुन्या गाड्या जमवणारा एक शौकीन आहे," म्हणाले. "महिनाअखेरीस बघायला येतोय. देऊन टाकतो."

"का म्हणून?"

"मागे कोणी नसलं की गाडी हलकी लागते. वळल्यासारखं वाटत नाही."

एवढं लांबलचक बोलणं ह्यांच्या तोंडून वर्षातून एकदा निघतं. बोलून झाल्यावर ते स्वतःच दचकले आणि आत निघून गेले. मी कपडे वाळत घालत राहिले. पण शेवटचा चिमटा लावेपर्यंत माझं ठरलं होतं. गाडी कुठेही जाणार नाही, आणि त्या मागच्या सीटवर मीच बसणार. डॉक्टरांनी मला बंद केलं असेल. त्या दोन शॉकअपांना मी बंद करणार.

इलाज पार्सलवाल्यानं दाखवला. आमची सूनबाई रोज काहीतरी मागवते आणि दुसऱ्या दिवशी ते परत पाठवते, त्यामुळे पार्सलवाला आमच्याकडे घरच्यासारखाच. मिशा पिकलेला, शांत माणूस. त्या दिवशी त्याच्या गाडीकडे माझं लक्ष गेलं. मागे डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. सीटखाली मधोमध मनगटाएवढी एकच जाड स्प्रिंग.

"दुसरा चोरीला गेला का हो?" मी विचारलं.

"मोनोशॉक आहे, काकू. येतोच एक. दोघांचं काम एकटा करतो."

तसल्या माणसाबद्दल मला आधीपासूनच आदर आहे. मी त्याला म्हटलं, मला बसवून बिल्डिंगला एक चक्कर मार. तो आधी घाबरला, मग त्यानं पार्सलांची पिशवी पुढे घेतली आणि मला बसवलं. परत आल्यावर मी विचारलं, "त्या गेटजवळच्या गतिरोधकावरून गेलो नाही वाटतं?"

"दोनदा गेलो की, काकू."

मी उतरले ती सरळ नाक्यावरच्या मिस्तऱ्याकडे गेले. मिस्तरी आमच्या गाडीला वीस वर्षं ओळखतो आणि आमच्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलतो. त्यानं ऐकून घेतलं, हात पुसले, पुसलेले हात परत मळके केले आणि म्हणाला, "काकू, जुन्या गाडीला हे म्हणजे म्हाताऱ्याला नवा गुडघा बसवण्यातला प्रकार."

"बसवतात की."

"बसवतात. पण आधी पाय कापतात ना."

त्याचं म्हणणं असं होतं. मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरायला एक लोखंडी चिमटा असतो. त्या चिमट्यापासून वर चेसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, आमचे दोन शॉकअप उभे. ते ज्यात अडकवलेत ते लोखंडी कान कापायचे, चिमट्याला मधोमध नवा आडवा पट्टा जोडायचा, आणि एकच दणकट शॉकअप तिथून चेसीत तिरका न्यायचा. वाटेत बॅटरी येते, ती हलवायची. कान एकदा कापले की परत जोडता येत नाहीत. "नीट विचार करा," तो म्हणाला. मी म्हटलं विचार करून आलेय. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू बसशील?" मी म्हटलं, "बसेन." तेवढ्यावर त्यांनी शौकिनाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

काम आमच्याच पार्किंगमध्ये सुरू झालं. पहिल्या दिवशीच समोरच्या घरातले भाऊजी खुर्ची घेऊन आले. भाऊजींनी चाळीस वर्षं पूल बांधले, म्हणून सगळे त्यांना पूलवाले म्हणतात. रिटायर झाल्यापासून त्यांना बांधायला काही मिळत नाही, त्यामुळे कुणाच्या घरी साधं कपाट हलवायचं असलं तरी ते येऊन भार कुठून कुठे जातो ते सांगतात. बरोबर त्यांची बायको. बाई वाईट नाही, पण इतकी बारीक, की मी तिला मनातल्या मनात सुतळी म्हणते. तोंडावर अजून म्हटलेलं नाही. हे माझ्याकडून मोठेपण समजावं.

मिस्तऱ्यानं वही काढली आणि पेन्सिल जिभेला लावली. "स्प्रिंग वजनावर मागवायची असते. साहेब, तुमचं?"

"बहात्तर," हे म्हणाले.

"माझं एकोणपन्नास," सुतळी मध्येच म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती काही आमच्या गाडीवर बसणार नव्हती. पण विचारल्याशिवाय एकोणपन्नास सांगायची संधी तिला फार दिवसांत मिळाली नसावी.

"आणि काकू, तुमचं?"

आता मला सांगा, त्या जागी तुम्ही काय केलं असतं? एकोणपन्नास अजून हवेत लटकत होतं. मी मान ताठ केली आणि म्हटलं, "पंचावन्न."

हे खोटं नव्हतं. माझं वजन पंचावन्न होतं. कधी, ते मिस्तऱ्यानं विचारलं नव्हतं. डॉक्टरांच्या कागदावर म्हणाल तर बराच मोठा आकडा होता, पण डॉक्टरांचं अक्षर कुणाला लागलंय?

त्या पार्किंगमध्ये माझ्याखेरीज पाच माणसं होती आणि पाचांनाही डोळे होते. मिस्तऱ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग वहीकडे पाहिलं आणि लिहिलं. पूलवाल्यांनी घसा साफ केला. सूनबाईला एकदम वर गॅस चालू असल्याची आठवण झाली. हे खाली वाकून एक नट बघायला लागले, आणि तो नट बघण्यासारखा मुळीच नव्हता. आमचा संसार एकोणचाळीस वर्षं कसा टिकला असं लोक विचारतात. असा टिकला.

तर कान कापले गेले. ठिणग्या उडाल्या, वेल्डिंग झालं, पंचावन्न किलोच्या हिशेबानं स्प्रिंग आली, बसली. बॅटरीला मात्र कुठेच जागा होईना. शेवटी मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला, आणि मिस्तऱ्यानं तो सीटखाली मागच्या बाजूला टांगून त्यात बॅटरी ठेवली. डब्यावर दोन मांजरांचं चित्र होतं. ह्यांना ते आवडलं नाही, पण मांजरं पुसून जाईनात.

पहिली चाचणी मिस्तऱ्यानं एकट्यानं घेतली. परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी. "लोणी आहे, काकू, लोणी." मग हे एकटे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा नुकतीच नोकरी लागल्यासारखे दिसत होते. मग माझी पाळी. मी पदपथाच्या कडेवर उभी राहिले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बसले.

गाडी खाली गेली. जाता जाता मध्ये कुठे थांबेल असं वाटत होतं, पण तिनं तसं काही मनावर घेतलं नाही. मागचा भाग पार तळाला टेकला, पुढचं चाक लाडात आल्यासारखं वर झालं, हेडलाइटचा झोत तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात शिरला आणि तिथून एक माणूस ओरडला. त्याच वेळी तो मांजरांचा डबा चिमट्याला टेकला, त्यातून कुठल्या तारा कुठल्या तारांना भेटल्या देव जाणे, आणि हॉर्न वाजायला लागला. थांबेना. मी उठले, हॉर्न थांबला. बसले, पुन्हा सुरू. गॅलऱ्या भरल्या. मी बसते तेव्हा काय होतं हे त्या संध्याकाळी बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांना कळलं, आणि ज्यांना कळलं नव्हतं त्यांच्यासाठी मिस्तऱ्यानं मला आणखी दोनदा बसायला लावलं.

"स्प्रिंगच खोटी दिलीय," मिस्तरी म्हणाला. "कंपन्यांचा काही भरवसा राहिला नाही."

"स्प्रिंगचा दोष नाही," पूलवाले म्हणाले. त्यांनी खिशातून खडू काढून पार्किंगच्या भिंतीवर मोटरसायकल काढली. तिला त्यांच्या हातून दोन कमानी पडल्या. "कोन बघा. आठ अंशांची गडबड आहे."

मी म्हटलं, "असेल, असेल, आठ अंशच असतील."

आठ अंश सरकवले. नवं वेल्डिंग. मी बसले. न्हाणीघरातला माणूस ह्या वेळी तयारीत होता, त्यानं आधीच पडदा लावला होता. हॉर्न तसाच. मग आडवा पट्टा जाड केला. मग शॉकअपचं वरचं टोक दोन बोटं पुढे नेलं. मग बुश बदलले. गाडीचा एकेक भाग माझ्या एका आकड्यापायी कापला जात होता, जोडला जात होता, आणि हे दर वेळी मुकाट्यानं पान्हा हातात देत होते. मला काही वाटत नव्हतं असं नाही. पण सुतळी रोज खुर्ची घेऊन येत होती. तिच्यासमोर आकडा बदलायचा? आठ दिवसांत माझं वजन एवढं वाढलं असं सांगायचं?

शेवटी मिस्तऱ्यानं शास्त्राला हात घातला. वाळूच्या दुकानातून त्यानं बरोबर पंचावन्न किलो मोजून एक पोतं आणलं आणि माझ्या जागी सीटवर बसवलं. पुढे हे बसले. गाडी दोन बोटं दबली आणि छान थांबली. हॉर्न गप्प. हे पोत्याला घेऊन बाजारापर्यंत जाऊन आले. रस्त्यात चार लोकांनी त्यांना नमस्कार केला म्हणे. पोतं उतरवलं, मला बसवलं. पुन्हा तळाला, पुन्हा हॉर्न.

मिस्तरी पोत्याकडे बघे, माझ्याकडे बघे. "काकू," तो अगदी हळू म्हणाला, "पोतं बसतं तेव्हा बरोबर होतं."

ह्यावर कुणीही चटकन खरं बोलून गेलं असतं. पण पूलवाले चाळीस वर्षं सरकारी नोकरीत होते. त्यांनी हात वर केला. "मला कळलं. पोतं निश्चल आहे. वहिनी सजीव आहेत. प्रश्न वजनाचा नाहीच, प्रश्न बसण्याच्या पद्धतीचा आहे. वहिनी आदळतात."

"मी आदळते?"

"थोड्याशा."

मला राग यायला हवा होता. पण वजनापेक्षा आदळणं बरं, असा विचार मी केला आणि पडतं घेतलं. अशा रीतीनं, नातवंडं झालेल्या वयात, मला बसायला शिकवायला सुरुवात झाली. रोज सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये. पूलवाले म्हणत, "सावकाश. आधी विचार बसवा, मग स्वतः बसा." सुतळी मला बसून दाखवी. ती बसली की गाडीला पत्तासुद्धा लागत नसे. मी श्वास रोखून, बोटांवर भार देऊन, पिसासारखी उतरे. गाडीही अगदी सावकाश, आदबीनं तळाला जाई, आणि हॉर्न आधी हळू कण्हून मग मोठ्यानं वाजे. पूलवाले म्हणाले, "सुधारणा आहे."

आता ह्या सगळ्यात सरकारी कचेरी कुठून आली? तीही पूलवाल्यांनीच आणली. चेसीत बदल केला की वाहन कचेरीची मंजुरी लागते हे आम्हा कुणाला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. त्यांनी आम्हाला न सांगता, शेजारधर्म म्हणून, आमच्या वतीनं अर्ज करून टाकला. उत्तर आलं ते असं: साठ दिवसांत तपासणीत पास व्हा, नाहीतर गाडीची नोंद रद्द, गाडी भंगारात. ह्यांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि चादरीसारखी घडी घालून खिशात ठेवलं. शौकिनाला विचारलं, तर तो म्हणाला, कापलेली गाडी मला फुकटसुद्धा नको. म्हणजे आता ती कुणाचीच उरली नव्हती. पास झाली तर आमची, नाहीतर लोखंडाची.

फॉर्म आला. 'बदलाचे कारण' ह्या रकान्यात ह्यांनी लिहिलं, 'पाठ'. फॉर्म परत आला, वर शेरा: 'वाहनास पाठ असल्याचे आढळत नाही.' मग 'पत्नीची पाठ' असं लिहून पाठवलं. परत आला: 'दोनऐवजी एक शॉकअप बसवल्याचे दिसते. उरलेले दोन कुठे आहेत ते पुराव्यासह कळवावे.' ते दोघं आमच्या गॅलरीत कुंड्यांमध्ये उभे होते. सूनबाईनं त्यांचा फोटो काढला. मी मागची वाळत घातलेली चादर काढायला लावली, सरकारी कागदावर कशाला. तिसऱ्या वेळी फॉर्म पुढे सरकला आणि शेवटचा रकाना आला: 'मागे बसणाऱ्याचे वजन व त्याची सही.'

हे पेन धरून माझ्याकडे बघत राहिले. "काय लिहू?"

सूनबाई तिथेच होती. ती पोरगी तशी धीट. "आई," म्हणाली, "आपला काटा आहे ना पलंगाखाली. एकदा काढू का?"

"तो काटा बिघडलाय."

"कधी?"

"मी उभी राहिले तेव्हा."

मग मी ह्यांना म्हटलं, लिहा पंचावन्न. त्यांनी लिहिलं. आणि मी सही केली. माझी सही मी चार यत्तांमध्ये शिकले तेवढी सगळी अक्षरं वापरून करते, घाई करत नाही. त्या दिवशी शेवटचं अक्षर जरा वाकडं आलं.

तपासणीच्या दिवशी आम्ही कचेरीच्या मागच्या अंगणात गेलो. हे, मी, मिस्तरी, पूलवाले, सुतळी. सुतळीला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिनं नवीन चपला घातल्या होत्या. अंगणात जमिनीच्या पातळीत मोठा लोखंडी काटा होता, ट्रकसुद्धा चढतील एवढा, आणि समोर भिंतीवर लाल आकड्यांचा फळा. फळा इतका मोठा की बाहेरच्या चहावाल्यालासुद्धा दिसावा. कुठल्या मूर्खानं माणसांच्या वजनाला एवढी मोठी अक्षरं दिली?

तपासणीसाहेब तरुण होते, कानावर पेन्सिल. "आधी रिकामी गाडी." फळ्यावर एकशे अडुसष्ट. "आता चालक." दोनशे चाळीस. साहेबांनी मान हलवली. "या, आजी."

"आजी घरी," मी म्हटलं. "इथे बाई म्हणा."

"या, बाई."

मी शिकवल्याप्रमाणे आधी विचार बसवला. मग स्वतः बसले. हॉर्न वाजायला लागला. अंगणातले लोक रांगा सोडून वळले. त्या आवाजात फळ्यावरचे आकडे पळत पळत गेले आणि थांबले. तीनशे अठरा.

साहेबांनी फॉर्मवर बेरीज केली. पुन्हा केली. "दोनशे पंच्याण्णव यायला हवेत. तेवीस किलो जास्त आहेत. उतरा. हॉर्न बंद करा." मी उतरले, हॉर्न बंद झाला. त्याचा साहेबांना आणखी संशय आला. "गाडीत काय लपवलंय?"

"काही नाही," मिस्तरी म्हणाला.

"चेसी कापून जोडलीय. आत पोकळी आहे. तेवीस किलो माल आरामात मावेल. सीट खोला."

मिस्तऱ्यानं सीट खोलली. साहेबांनी मांजरांचा डबा बघितला, उघडला, वास घेतला. पूलवाले पुढे झाले आणि म्हणाले की दोष काट्याचा असणार, अशा काट्यांचा पाया मुळात खचतो. साहेब चिडले. त्यांनी आतून तपासणीची वजनं आणून काट्यावर ठेवली, आणि काटा ग्रॅमसुद्धा चुकला नाही. "चेसी कापून बघावी लागेल," साहेब म्हणाले. "गाडी जप्त. कुणीतरी कापायचं यंत्र आणा."

तेव्हा हे पुढे आले. ह्यांना चार माणसांत बोलायची सवय नाही. त्यांनी टोपी काढली. "साहेब, ते तेवीस किलो माझे आहेत."

"म्हणजे?"

"मी माझं वजन खोटं सांगितलं. मी पंच्याण्णव किलोचा आहे."

साहेबांनी ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. ह्यांची प्रकृती अशी उंच आणि हडकुळी, की वाऱ्याच्या दिवशी मी त्यांच्या खिशात किल्ल्या ठेवते. "तुम्ही? आत्ताच तर तुम्ही बहात्तर भरलात."

"सकाळी पोट साफ झालं."

"हे बघा, सरकारी कागदावर खोटी माहिती दिली तर परवाना रद्द होतो. गाडी तर जाईलच, पण तुम्ही पुन्हा कुठलीही गाडी चालवणार नाही. विचार करून सांगा."

"केला," हे म्हणाले. "माझेच आहेत."

त्यांचे कान लाल झाले होते. अठरा वर्षांचा होता तेव्हापासून तो माणूस ती गाडी चालवतोय, आणि तो सुतळीसमोर माझा आकडा झाकायला ती सोडून द्यायला निघाला होता. मला एकदम इतका संताप आला, की काय सांगू. माझं वजन हे कोण उचलणार?

मी त्यांना बाजूला केलं आणि एकटी काट्यावर चढले. दोन्ही पाय टेकून, आदळून. फळ्यावर अठ्ठ्याहत्तर आले.

"वाचा," मी साहेबांना म्हटलं. "मोठ्यानं वाचा, चहावाल्याला नीट दिसत नसेल. अठ्ठ्याहत्तर. ते तेवीस किलो माझे आहेत, माझ्या घरच्या खाण्यावर वाढवलेत, कुणाकडून मागून आणलेले नाहीत. पंचावन्न मी सांगितलं, सही माझी आहे, ह्यांचा संबंध फक्त पेनाशी. जप्त करायचं तर मला करा."

मिस्तऱ्यानं दोन्ही हात कपाळावर मारले आणि आनंदानं ओरडला, "म्हणजे स्प्रिंग बरोबर होती! माझं वेल्डिंग बरोबर होतं!" पूलवाले म्हणाले, त्यांना पहिल्या दिवसापासून शंका होती. सुतळी आपल्या चपलांकडे बघत होती. मग हळूच मला म्हणाली, "वहिनी, एकोणपन्नास मी नुसतं सांगते. खरं त्रेपन्न आहे." तेव्हापासून आमचं बरं चालतं.

साहेबांनी फॉर्म पुन्हा उचलला. त्यांच्या आयुष्यात चोरीचं लोखंड, चोरीचं इंजिन, सगळं आलं असेल, पण चोरीचं वजन हे पहिलंच. शेवटी त्यांनी कानावरची पेन्सिल काढून मला दिली. "खोडा आणि खरं लिहा. पंधरा दिवसांत योग्य वजनाची स्प्रिंग घालून परत या. हॉर्नचं काहीतरी करा."

मी खोडलं आणि लिहिलं. रकाना पुरला नाही एवढे मोठे अंक काढले.

पार्किंगमध्ये परतल्यावर मिस्तऱ्यानं वही उघडली आणि पेन्सिल जिभेला लावली. "आता काकू, अठ्ठ्याहत्तरची मागवतो."

"पंच्याऐंशीची मागव."

"पण काकू..."

"स्प्रिंग काय दरवर्षी बदलतात? पुढचं धरायला नको?"

पंच्याऐंशीची आली. कचेरीत मी बसले तेव्हा गाडी जेमतेम दबली, हॉर्न गप्प राहिला, साहेबांनी शिक्का मारला. डॉक्टरांना गाडी दाखवायला नेली. त्यांनी सीटवर बसून दोनदा उड्या मारल्या आणि म्हणाले, "दुखलं तर लगेच उतरायचं." एवढी परवानगी मला पुरते.

पण खरी गोष्ट अशी, की ती स्प्रिंग माझ्यासाठी जरा कडक झाली. सात किलोंनी. गतिरोधक आला की मी सीटवरून चार बोटं उडायची आणि ह्यांच्या पाठीवर जाऊन पडायची. मिस्तरी म्हणाला, वळसे सैल करून बघतो. पूलवाले म्हणाले, वहिनींनी मांडीवर सात किलोची वाळूची पिशवी घ्यावी. मी दोघांनाही घरी पाठवलं. ज्या गाडीवर बसायला मी माझी अब्रू फळ्यावर चढवली, त्या गाडीला आता पुन्हा कापायचं नाही. कमी मी पडते ना, मग भरते. सूनबाईला सांगितलं, साय माझ्यासाठी राखून ठेव. दुपारची झोप वाढवली. पलंगाखालचा काटा बाहेर काढून मधल्या खोलीत ठेवला. रोज सकाळी मी त्यावर उभी राहते आणि सूनबाई आकडा मोठ्यानं वाचते, तेव्हा हे दाढी करता करता थांबतात.

डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलं नाही.

काल रविवारी आम्ही निघालो. तलावाच्या रस्त्याला तो उंच गतिरोधक आहे. मी ह्यांचा खांदा घट्ट धरला, डोळे मिटले आणि वाट बघत राहिले. काही झालं नाही. डोळे उघडले तर गतिरोधक मागे पडलेला. गाडी वळणाला लागली. हे पुढे बघूनच म्हणाले, "किती?"

"चौऱ्याऐंशी," मी म्हटलं.

शेजारून सायकलवर चाललेला एक अनोळखी माणूस वळून बघायला लागला. त्यालाही मी सांगितलं, "चौऱ्याऐंशी. अजून एक कमी आहे."